अमेरिकेतील नागरी हक्क आणि सांस्कृतिक ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या इतिहासावर लिहायला लागल्यापासून काही प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येत आले आहेत. काही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचे असतात, तर बरेचसे ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत अशा आईवडिलांचे. ते येथे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एक मुद्दा दुसऱ्या प्रश्नात आला आहे, तेथे तसा क्रमांक दिला आहे.

१. अमेरिकेतील ‘नागरी हक्क चळवळ’ म्हणजे नेमके काय, आणि ती कोणत्या काळातली?

पाठ्यपुस्तकांत साधारणपणे १९५४ ते १९६८ हा काळ दिलेला असतो. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. या चौदा वर्षांत दक्षिणेकडील राज्यांतल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी बहिष्कार, मोर्चे, धरणे आणि न्यायालयीन लढे यांच्या जोरावर देशाचे कायदे बदलून घेतले. परंतु ही चौकट फार अरुंद आहे. न्यायालयीन लढ्यांचा भार वाहणारी एनएएसीपी ही संस्था १९०९ सालची आहे, आणि शाळांच्या निकालाला जे पाच खटले कारणीभूत झाले त्यांतील एक तर १९५१ साली व्हर्जिनियातील फार्मव्हिल गावी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने घडवलेल्या शाळेच्या संपातून उभा राहिला होता.

२. गुलामगिरी तर १८६५ मध्येच संपली. मग त्यानंतर शंभर वर्षांनी हक्कांसाठी लढण्याची वेळ का आली?

यादवी युद्धानंतर तीन घटनादुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी रद्द केली, चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) अमेरिकेत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येकाला (मूळ अमेरिकन वगळून, पाहा प्रश्न ९) नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, आणि पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. कागदावर पाहिले तर सगळे मिळाले होते. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ सेनेटमध्ये जाऊन बसलेही होते.

पण १८७७ मध्ये संघराज्याच्या फौजांनी दक्षिणेतील आपले कर्तव्य आवरते घेतले आणि दिलेले सगळे एकेक करून काढून घेतले गेले. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानासाठी डोईपट्टी आणि ‘आकलन चाचणी’ आणली. मतदाराने घटनेतले कलम वाचून दाखवायचे किंवा त्याचा अर्थ सांगायचा, आणि तो अर्थ बरोबर की चूक हे गोऱ्या कारकुनाने ठरवायचे. त्यात ‘वर्ण’ हा शब्द कुठेच नव्हता, म्हणून घटनादुरुस्तीचा भंग झाला असेही म्हणता येत नव्हते.

यातला सर्वांत बोलका खटला म्हणजे होमर प्लेसी यांचा. न्यू ऑर्लीन्सचे हे चांभारकाम करणारे तरुण गृहस्थ दिसायला गोरेच होते. त्यांच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी एकच आफ्रिकी वंशाचा होता. १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या डब्यात बसले आणि आपण कायद्याने ‘कलर्ड’ आहोत हे त्यांनी स्वतःच कंडक्टरला सांगितले, कारण सांगितल्याशिवाय ते कोणाला कळलेच नसते. स्थानिक नागरिक समितीने ठरवून उभा केलेला हा खटला १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला आणि ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व पुढची ५८ वर्षे देशाचा कायदा होऊन बसले. न्यायमूर्ती हार्लन या एकट्यानेच त्या निकालाविरुद्ध मत नोंदवले.

३. हक्क हा कायद्याचा विषय आणि सांस्कृतिक ओळख हा मनाचा. हे दोन्ही एकत्र का आणता?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही हाच आहे. अमेरिकेच्या कायद्याने ‘तुला काय मिळेल’ हे सांगण्याआधी नेहमी ‘तू कोण आहेस’ हे ठरवले, आणि ते ठरवण्याचा अधिकार त्या माणसाकडे कधीच ठेवला नाही. रेल्वेत तो कंडक्टरकडे होता आणि जनगणनेत १९५० पर्यंत दारात उभ्या राहणाऱ्या गणनाधिकाऱ्याकडे. स्वतःचा वंश स्वतः लिहिण्याची सोय १९६० पासून सुरू झाली. त्यामुळे हक्कांचा लढा हा एका अर्थी आपले नाव आपण सांगण्याचाही लढा होता.

मराठी वाचकाला हे चटकन समजेल असे एक उदाहरण मेरी हॅमिल्टन यांचे आहे. १९६३ मध्ये अलाबामातील गॅड्सडेन येथे या कार्यकर्तीला न्यायालयात साक्षीसाठी उभे केले, तेव्हा सरकारी वकिलाने गोऱ्या साक्षीदारांना ‘मिस’, ‘मिसेस’, ‘मिस्टर’ लावून आणि यांना मात्र नुसते ‘मेरी’ म्हणून हाक मारली. दक्षिणेत ती रीतच होती. साठीच्या कृष्णवर्णीय बाईलाही कोवळ्या गोऱ्या पोराने अरे-तुरेच करायचे. हॅमिल्टन यांनी योग्य संबोधन लावल्याशिवाय उत्तर देण्यास नकार दिला. न्यायाधीशांनी न्यायालयाचा अवमान ठरवून पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड ठोठावला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अहो-जाहोचा हक्क देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवावा लागला, हे ज्याच्या लक्षात आले त्याला ओळख आणि हक्क वेगळे का करता येत नाहीत हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण बाहुल्यांचे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. नाकीडोळी सगळ्या सारख्या. फक्त दोघींचा रंग गोरा आणि दोघींचा तपकिरी. ‘छान बाहुली दे’, ‘वाईट बाहुली दे’ असे एकेक विचारत शेवटी ‘तुझ्यासारखी दिसणारी बाहुली दे’ असे सांगितले जाई. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली ‘छान’ आणि तपकिरी ‘वाईट’ म्हणून निवडली होती, आणि शेवटच्या प्रश्नापाशी त्यांतली काही रडू लागली. या प्रयोगाचा आधार १९५४ च्या एकमताने दिलेल्या निकालात तळटीपेत घेतला गेला. त्या संशोधनाच्या पद्धतीवर पुढे शास्त्रीय आक्षेप घेतले गेले, हेही येथे सांगायला हवे. पण वेगळी शाळा इमारतीने समान असली तरी मुलाच्या मनात काय पेरते, हा मुद्दा त्यामुळे न्यायालयापुढे आला.

४. रोझा पार्क्स या दमलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या आणि थकव्यामुळे त्या बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, ही गोष्ट खरी आहे का?

शिवणकाम खरे, थकव्याची गोष्ट खरी नाही. १ डिसेंबर १९५५ रोजी पार्क्स ४२ वर्षांच्या होत्या आणि एनएएसीपीच्या मॉन्टगोमेरी (अलाबामा) शाखेचे चिटणीसपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले होते. त्यांनी स्वतः पुढे स्पष्ट लिहिले की, आपण शरीराने दमलेल्या नव्हतो, तर सतत नमते घेण्याला कंटाळलो होतो.

बसमधली व्यवस्था समजून घेतल्याशिवाय त्या प्रसंगाचे मोल कळत नाही. ३६ आसनांपैकी पुढची दहा गोऱ्यांसाठी राखीव असत, मग ती रिकामी का असेनात. मागची दहा कृष्णवर्णीयांची. मधली सोळा ड्रायव्हरच्या मर्जीवर. कृष्णवर्णीय उतारूने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे; तेवढ्यात बस निघून गेली तर पैसेही गेले. पार्क्स या मधल्या भागात बसल्या होत्या, म्हणजे त्या गोऱ्यांच्या जागेवर बसलेल्याच नव्हत्या. एका गोऱ्या माणसाला उभे राहावे लागले म्हणून ड्रायव्हरने अख्खी रांग रिकामी करायला सांगितली, कारण एकाच रांगेत दोघे बसणे चालत नसे. तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत.

त्याच रात्री अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर बसवर बहिष्कार घालण्याची हजारो पत्रके काढली आणि सकाळी विद्यार्थ्यांना हाताशी धरून ती शहरभर पोचवली. ५ डिसेंबरला सुरू झालेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक पायी गेले, आपापसांत मोटारी वाटून घेतल्या, पण बसमध्ये चढले नाहीत.

येथे क्लॉडेट कॉल्व्हिन यांचे नाव घ्यायलाच हवे. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, पंधरा वर्षांच्या या मुलीने त्याच शहरात जागा सोडण्यास नकार दिला होता आणि तिला बेड्या घालून नेले होते. पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केले नाही. पण ज्या खटल्यामुळे मॉन्टगोमेरीच्या बसमधला वर्णभेद प्रत्यक्षात संपला, त्यातील चार फिर्यादी स्त्रियांत कॉल्व्हिन होत्या; पार्क्स नव्हत्या.

५. १९६४ आणि १९६५ च्या कायद्यांनी नेमके काय बदलले?

२ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेल, खाणावळी, चित्रपटगृहे अशा सार्वजनिक ठिकाणी आणि नोकऱ्यांत भेदभावाला बंदी घातली. नोकरीच्या बाबतीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ राष्ट्र हे पाच आधार त्यात आहेत. ६ ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्याने प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या चाचण्या बंद केल्या आणि भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी वॉशिंग्टनची परवानगी घेणे भाग पाडले. मिसिसिपीत मतदार म्हणून नोंदलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ६.७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत सुमारे ५९.८ टक्क्यांवर गेले. कायद्याने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो. पूर्वपरवानगीची ही तरतूद कोणत्या राज्यांना लागू होते हे ठरवणारे सूत्र २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, त्यामुळे ती आता व्यवहारात निष्प्रभ झाली आहे.

६. मराठीत लिहिताना ‘निग्रो’ म्हणावे, ‘काळे’ म्हणावे की ‘कृष्णवर्णीय’?

आजच्या लेखनात ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’ वापरावे. ‘निग्रो’ हा शब्द जुने अवतरण किंवा संस्थेचे नाव देतानाच यावा. मात्र तो जुन्या काळी शिवीच होता असे समजणे चूक ठरेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यासारख्या कृष्णवर्णीय विचारवंतांनी तो शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षराने लिहिला जावा म्हणून झगडा केला आणि न्यूयॉर्क टाइम्सने १९३० मध्ये ते मान्य केले. साठच्या दशकात तरुणांनी तोच शब्द मालकांनी दिलेला म्हणून टाकला आणि ज्या ‘ब्लॅक’ शब्दाची लाज वाटावी असे शिकवले गेले होते तो अभिमानाने उचलला. १९८८ मध्ये कृष्णवर्णीय पुढारी जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’ या नावाचा आग्रह धरला. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मोठ्या अक्षराचा वाद आपल्याकडे उद्भवत नाही, पण ‘हबशी’ सारखे जुने शब्द आजही वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतात, ते मात्र टाळावेत.

७. किंग अहिंसावादी आणि ‘ब्लॅक पॉवर’ वाले हिंसक, अशी सरळ विभागणी करता येते का?

येत नाही. ‘ब्लॅक पॉवर’ ही घोषणा जून १९६६ मध्ये मिसिसिपीतील ग्रीनवुड येथे स्टोकली कारमायकेल यांनी दिली, आणि हेच कारमायकेल त्याआधी अहिंसक आंदोलनांत अनेकदा तुरुंगात गेलेले होते. त्याच वर्षी ऑकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. बंदुका घेऊन उभे राहिलेले त्यांचे छायाचित्र सर्वांना आठवते, पण १९६९ पासून त्यांनी शाळकरी मुलांसाठी चालवलेली मोफत न्याहारी सहसा आठवत नाही.

दुसऱ्या बाजूने, शेवटच्या दिवसांतले किंगही केवळ ‘माझे एक स्वप्न आहे’ या भाषणातले किंग नव्हते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचरागाडीत शिरले आणि गाडीचे दाबयंत्र चालू होऊन चिरडले गेले. त्यानंतर सुमारे १,३०० कामगारांनी संप केला. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच चार इंग्रजी शब्द होते, आणि त्यातल्या ‘आहे’ या शब्दाखाली रेघ ओढलेली होती. किंग मेम्फिसला गेले ते या संपासाठी.

विद्यापीठांतही याच काळात ओळखीचा प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई आणि मूळ अमेरिकन विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन जवळजवळ पाच महिने संप केला. आमचा इतिहास आम्हाला शिकवा, ही त्यांची मागणी होती, आणि त्यातून तेथे देशातले पहिले वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले.

८. महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरोखर काही संबंध आहे, की ओढूनताणून जोडलेला?

संबंध खरा आहे आणि दोन्ही दिशांचा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. अमेरिकेतली मुक्ती तेव्हा केवळ आठ वर्षांची होती. पुण्यात बसून जोतीरावांनी ती घटना ज्या तत्परतेने आपलीशी केली, त्याचे मला दरवेळी नव्याने अप्रूप वाटते.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. ते हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या भागाला अगदी लागून आहे. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने गेलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की दुसरीचा अभ्यास आवश्यकच आहे, असे त्यांनी त्यात म्हटले. डू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर पाठवले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच ऑकलंडच्या पक्षावरून घेतले. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने अमेरिकेतल्या त्या लढ्यात आपले प्रतिबिंब पाहिले.

उलट दिशेचा दुवा फारसा कोणाला ठाऊक नसतो. जेम्स लॉसन हे तरुण मेथडिस्ट धर्मसेवक १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले, त्याआधी कोरियन युद्धाच्या सक्तीच्या सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल ते तुरुंगात जाऊन आले होते. नागपुरात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली तीही ‘नागपूर टाइम्स’मध्ये. अमेरिकेत परतल्यावर किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेत गेले आणि नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. खाणावळीत बसलेले असताना कोणी थुंकले, सिगारेटचा चटका दिला, खुर्चीवरून ओढले तर काय करायचे याची तालीम त्या वर्गांत दिली जाई. १९६० च्या धरणे आंदोलनातली सर्वांत शिस्तबद्ध तुकडी म्हणून नॅशव्हिलचे नाव घेतले जाते, त्यामागे हे नागपूर आहे. प्रश्न ७ मधील मेम्फिसच्या संपाची आखणी करणाऱ्या समितीचे प्रमुखही लॉसनच होते.

९. मूळ अमेरिकन लोकांना (रेड इंडियन) याच चळवळीत धरावे का?

आधी शब्दाविषयी : ‘रेड इंडियन’ आता वापरू नये. मुख्य मुद्दा असा की त्यांचा प्रश्न मुळातच वेगळा आहे. कृष्णवर्णीयांना देशाने बाहेर ठेवले आणि त्यांनी आत येण्यासाठी लढा दिला. मूळ अमेरिकनांना देशाने जबरदस्तीने आत ओढून त्यांची ओळख पुसण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांचा लढा आपले वेगळेपण राखण्याचा होता. त्यांच्या साडेपाचशेहून अधिक जमातींना संघराज्य सरकारची मान्यता आहे आणि त्यांतील अनेकींशी पूर्वी तह झालेले आहेत.

१८७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियात कार्लाइल येथे सुरू झालेल्या निवासी शाळेत मुलांचे लांब केस कापले जात आणि मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. ल्यूथर स्टँडिंग बेअर या लाकोटा जमातीच्या मुलाने पुढे लिहिलेली आठवण अशी की, फळ्यावर काही खुणा लिहिलेल्या होत्या, हातात छडी देऊन त्यांपैकी एकीकडे बोट दाखवायला सांगितले, आणि ज्या खुणेवर छडी टेकली ते त्याचे नाव झाले. आपले नाव वाचताही येत नसताना त्याला ते निवडावे लागले.

त्यांना सरसकट नागरिकत्व मिळाले १९२४ मध्ये, आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिकोत मतदानासाठी १९४८ पर्यंत थांबावे लागले. १९७८ मध्ये त्यांच्या धार्मिक विधींना आणि मुलांना जमातीबाहेर दत्तक देण्यावरील निर्बंधांना कायद्याचे संरक्षण मिळाले.

१०. ओळखीचा हक्क आणि व्यक्तीचा हक्क यांच्यातच भांडण लागले तर?

असे झाले आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर अमेरिकेलाही सापडलेले नाही. न्यू मेक्सिकोतील सांता क्लारा पुएब्लो जमातीचा नियम असा होता की पुरुषाने बाहेर लग्न केले तर त्याची मुले जमातीत, स्त्रीने केले तर मात्र नाहीत. ज्युलिया मार्टिनेझ यांनी या लिंगभेदाविरुद्ध दाद मागितली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला, कारण आपला सभासद कोण हे ठरवणे हा जमातीच्या स्वायत्ततेचा गाभा आहे. प्रश्न ३ मध्ये मांडलेले तत्त्व, म्हणजे ओळख बाहेरच्याने ठरवू नये, येथे जमातीच्या बाजूने लागू झाले आणि त्याची किंमत एका आईने मोजली. हा निकाल मला अजूनही बोचतो, पण त्यामागचे कारण पोकळ आहे असे म्हणवत नाही.

११. भारतीय लोक अमेरिकेच्या कायद्यात ‘गोरे’ होते की नव्हते?

१७९० च्या कायद्याप्रमाणे ‘मुक्त गोऱ्या’ परदेशी व्यक्तीलाच नागरिकत्व मिळे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाची भर पडली. भगतसिंग थिंद हे पंजाबात जन्मलेले गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत आणि म्हणून गोरे आहोत, असा त्यांच्या वतीने दावा केला गेला. इतकेच नव्हे, तर उच्चवर्णीय हिंदू भारतातील आदिवासींकडे लग्नसंबंधांच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो तसाच पाहतो, असाही युक्तिवाद झाला. हे वाचताना मान खाली जाते, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने सांगितले की वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजत नाही तो गोरा नव्हे. त्यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांतील कित्येकांचे ते काढून घेतले गेले. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६ मध्ये खुला झाला, तोही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह.

जनगणनेनेही हीच डळमळ दाखवली. १९२० ते १९४० या काळात आपण सगळे, शीख आणि मुसलमानही, ‘हिंदू’ या वंशात होतो, १९७० मध्ये गोऱ्यांत धरले गेलो आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ अशी वेगळी चौकट मिळाली. ती अमेरिकेतील भारतीयांनी मागून घेतली होती.

१२. आमचे मामा १९७० च्या सुमारास स्वतःच्या शिक्षणाच्या जोरावर न्यू जर्सीला गेले. त्यांचा या चळवळीशी काय संबंध?

मामांच्या कर्तृत्वात काही उणे नाही, पण दार उघडले ते चळवळीने. १९२४ पासूनची स्थलांतराची व्यवस्था उत्तर युरोपातल्यांना झुकते माप देणारी होती आणि आशियाला जवळजवळ बंद. वंशावरून नोकरी नाकारू नये असे १९६४ मध्ये देशाने मान्य केल्यावर वंशावरून व्हिसा नाकारणे टिकणारे नव्हते. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी जुना कोटा रद्द करणाऱ्या कायद्यावर सही झाली आणि भारतासह युरोप-आशिया-आफ्रिकेतील प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० पर्यंत व्हिसांची मर्यादा मिळाली. डॉक्टर आणि इंजिनिअर गेले ते या कायद्याखाली. १९८१ मध्ये उभे राहिलेले उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि त्याची अधिवेशने ज्या समाजाच्या बळावर चालतात, तो समाज मॉन्टगोमेरीत पायी चाललेल्या लोकांचा ऋणी आहे, असे मी मानतो.

१३. अमेरिकेत आपल्यासारखे आरक्षण आहे का?

जागा राखून ठेवण्याच्या अर्थाने नाही. आपल्या राज्यघटनेत मागास वर्गांसाठी विशेष तरतुदींना स्पष्ट आधार आहे. अमेरिकेच्या घटनेत तसा शब्द नाही. कॅलिफोर्नियातील एका वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखल्या होत्या, त्या १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या, पण प्रवेशात वंशाचा ‘एक घटक’ म्हणून विचार करण्यास मुभा ठेवली. ती मुभाही जून २०२३ च्या निकालाने संपली. अर्जदाराने आपल्या निबंधात वंशामुळे आलेला अनुभव लिहिला तर त्याचा विचार करता येतो, एवढी वाट त्या निकालाने मोकळी ठेवली आहे.

१४. केसांची ठेवण, पगडी किंवा मातृभाषा यांवरून नोकरीत त्रास झाला तर कायदा मदत करतो का?

धर्माशी निगडित गोष्टींना, म्हणजे पगडी किंवा डोक्यावरच्या स्कार्फला, १९६४ च्या कायद्याचे बऱ्यापैकी संरक्षण आहे. मात्र हा कायदा किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकालाच लागू होतो. केसांचे तसे नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वेण्यांवर मालकांनी घातलेली बंदी न्यायालयांनी अनेकदा ग्राह्य धरली, कारण वेणी घालणे ही निवड आहे, वंश नव्हे, असा त्यांचा तर्क होता. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये पहिल्यांदा केसांच्या पारंपरिक ठेवणीला वंशाच्या व्याख्येत आणले आणि नंतर इतर बऱ्याच राज्यांनी तसे कायदे केले. भाषेच्या बाबतीत महत्त्वाचा निकाल १९७४ चा आहे : सॅन फ्रान्सिस्कोतील इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांना इतरांसारखेच पुस्तक आणि शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही, असे त्यात न्यायालयाने म्हटले.

१५. घरमालकाने वंशावरून खोली नाकारली तर? लहान घरमालकांना सूट असते असे ऐकले आहे.

१९६८ च्या गृहनिर्माण कायद्यात, मालक स्वतः राहत असलेल्या चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीला सूट आहे. परंतु १८६६ चा एक जुना नागरी हक्क कायदा मालमत्तेच्या व्यवहारात वांशिक भेदभावाला कोणतीही सूट देत नाही, आणि तो खासगी व्यक्तींनाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच ठरवले. म्हणून इतर काही कारणांवरून लहान मालक सुटू शकतो, वंशावरून सुटत नाही.

१६. जातीवरून भेदभाव झाला तर अमेरिकेच्या कायद्यात त्याला नाव आहे का?

संघराज्याच्या कायद्यात ‘जात’ हा शब्द नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल हे जातिभेदावर स्पष्ट बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तसे विधेयक मंजूर केले, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारले. सध्याच्या कायद्यांतील ‘वंशावळ’ यांसारख्या आधारांत जात आधीच येते, असे त्यांनी कारण दिले. प्रश्न १५ मधील १८६६ च्या कायद्यातही वंशावळीवरून केलेला भेदभाव येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल आहे, त्यामुळे या युक्तिवादाला आधार आहे. पण पीडिताला दरवेळी न्यायालयात जाऊन जात म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते, आणि नाव न दिलेल्या अन्यायाची हीच मुख्य अडचण असते. विधेयकाला विरोध करणाऱ्या काही हिंदू संघटनांचे म्हणणे असे की अशा कायद्यामुळे प्रत्येक भारतीयाकडे संशयाने पाहिले जाईल. पाठिंबा देणाऱ्यांत आंबेडकरी संघटना पुढे होत्या. सिअ‍ॅटलचे मतदान झाले त्याच्या दोनच दिवस आधी थिंद यांच्या निकालाला शंभर वर्षे पूर्ण झाली होती.